झोपणाऱ्या डॉक्टरीणबाई

बाई पोटावर हात ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. पंखा कुरकुरत असायचा, व्हरांड्यात कुणाचं तरी लेकरू रडत असायचं, स्टँडवरून कंडक्टरची हाक यायची, आणि बाई दोन्ही तळवे पेशंटच्या पोटावर टेकवून नुसत्या उभ्या. दाबणं नाही, विचारणं नाही. इतका वेळ, की टेबलावरची बाई मान उचलून आधी त्यांच्याकडं बघायची, मग सोबत आलेल्या सासूकडं. सासू हळूच माझ्या कानाशी यायची. "सिस्टर, म्याडम झोपल्या काय जी?"

त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. कळंबच्या बाजारात बाया एकमेकींना विचारायच्या, "झोपनाऱ्या बाईले दाखवलं का?" बाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, "डोळे उघडे ठेवले की पेशंटचं तोंड दिसतं, नातेवाइकांची घाई दिसते, भिंतीवरचं घड्याळ दिसतं. मग हाताला काही ऐकू येत नाही." आणि पुढच्या पेशंटच्या पोटावर हात ठेवून पुन्हा डोळे मिटले.

त्या मूळच्या सातारच्या. नवरा शेतकी खात्यात होता, त्याची बदली यवतमाळला झाली म्हणून इकडं आल्या. नवरा तरुणपणीच गेला. मूलबाळ नव्हतं. आता बाई माहेरी जाणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, तर त्यांनी कळंबला छोटा दवाखाना काढला. खाली दवाखाना आणि वर राहणं. बाळंतपणं तर त्या करायच्याच, पण त्यांची खरी ओळख होती ती कुणालाच न उलगडलेल्या पोटाच्या दुखण्यांची. चार ठिकाणी दाखवून, पिशवीभर रिपोर्ट घेऊन लोक यायचे. "हे फिरून आलेलं पोट आहे," बाई म्हणायच्या, "याला घाई करायची नाही." ती पिशवी त्या आधी खुर्चीवर ठेवायला लावायच्या. पोट पाहून झाल्यावरच उघडायच्या.

इतकी वर्षं राहूनही त्यांची भाषा सातारीच राहिली. वऱ्हाडी बोलायचा प्रयत्न करायच्या, पण 'कशाला'चं 'कायले' आणि 'का'चं 'काहून' यांची त्यांच्या तोंडी अशी काही खिचडी व्हायची, की वेदनेनं कळवळणारी बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची. "काहून दुखून राह्यली गं?" असं त्या अगदी मनापासून विचारायच्या. आता ती दुखणारी बाई आहे की पोट, हे बाईंच्या वाक्यातून कधीच कळत नसे.

मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेले ती पेशंट म्हणून. नववीत होते. आमचा तांडा बाभुळगावच्या बाजूला. आमची पूर्वीची माणसं बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरायची म्हणतात. माझ्या बापानं, म्हणजे बानं, मात्र कपाशी आणि तुरीपलीकडं काही पाहिलं नाही. मी त्याची थोरली. शाळेत हुशार होते. बा मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचा, वाटेत पाढे म्हणून घ्यायचा.

पाळी सुरू झाली त्याच्या थोड्याच महिन्यांनी पोटात दुखायला लागलं. खाली, उजव्या बाजूला. आधी पाळीपुरतंच दुखायचं. मग पाळी संपली तरी दुखायचं. मग दोन पाळ्यांच्या मधले चांगले दिवस कमी कमी होत गेले. एका डॉक्टरांनी गॅस म्हणून औषध दिलं, दुसऱ्यांनी अपेंडिक्स असेल म्हणून सलाईन लावलं. बरं वाटलं नाही. आणि मग पोट दिसायला लागलं. बेंबीखाली एक बाजू उचलल्यासारखी. मी ओढणी पुढं घ्यायला लागले. तांड्यावरच्या बायांची नजर त्या ओढणीखाली जायला वेळ लागला नाही.

पाळी येते आहे, हे याडी सगळ्यांना सांगत होती. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. पण कोण ऐकणार? "लपवून राह्यली माय," असं विहिरीवर तिच्या तोंडावर बोललं गेलं. लघवीची तपासणी करून आणली, तिच्यात काही निघालं नाही, तरी लोकांचं बोलणं थांबलं नाही. शाळा बंद झाली. सगळ्यात वाईट म्हणजे बा गप्प झाला. मारलं असतं तरी चाललं असतं. तो मी वाढलेलं ताट घेईना. मी अंगणात आले की उठून शेताकडं जायचा. मी याडीला विचारायची, "बा माझ्याशी काहून बोलत नाई?" ती चुलीत फुंकर मारत राहायची.

कळंबला शेवटी याडीनंच नेलं. बा सोबत आला, पण आमच्यापासून लांब, एसटीत मागच्या सीटवर. दवाखान्यात तो आत आलाच नाही. बाहेर लिंबाखाली पाठमोरा बसून राहिला.

बाईंनी मला टेबलावर घेतलं, हात ठेवला आणि डोळे मिटले. मी श्वास धरून पडले होते. आजवर ज्यानं ज्यानं पोटाला हात लावला त्यानं आधी माझ्या तोंडाकडं एक विशिष्ट नजर टाकली होती. ही पहिलीच बाई, जी माझ्याकडं बघतच नव्हती. मला इतकं सुटल्यासारखं झालं की डोळ्यांतून पाणी आलं.

"रडतेस का? दुखलं?"

"नाई."

"मग रड. घाई नाही." डोळे न उघडता त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं विचारलं, "पाळी दर महिन्याला येते?"

याडी घाईनं बोलली, "हो बाई, देवाशपथ येते. माही छोरी खोटं नाई बोलत."

"शपथ कशाला? मी तिलाच विचारते आहे. आणि ती सांगेल ते खरं धरणार आहे."

मग त्यांनी सोनोग्राफीचं मशीन ओढलं. माझी गाठ पुढं होती, पण त्यांनी मला कुशीवर वळवलं आणि पाठीकडून, बरगडीखाली बघायला लागल्या. आधी डावीकडं, मग उजवीकडं. उजवीकडं बराच वेळ. याडी गोंधळून म्हणाली, "बाई, दुखनं तं समोर हाये." बाईंचे डोळे स्क्रीनवरच होते. मग एकदम मशीनवरून हात काढून त्या स्टुलावर टेकल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरले नाही. गर्दीत हरवलेलं माणूस सापडल्यावर येतं तसं.

"हिला उजवं मूत्रपिंडच नाही," त्या म्हणाल्या. "आता कळलं."

याडी टेबलाचा पाय धरून खाली बसली. बाईही तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि समजावून सांगितलं. मूल आईच्या पोटात घडत असतं तेव्हा मुलीचं गर्भाशय आधी दोन नळ्यांचं असतं. त्या दोन्ही एकमेकींत मिसळून एक होतात. हिच्या मिसळल्याच नाहीत. दोन गर्भाशयं झाली. एकाची वाट मोकळी आहे, म्हणून पाळी येते आणि कुणाला शंका येत नाही. दुसऱ्याची वाट पडद्यानं बंद आहे. तिथलं रक्त महिन्याच्या महिन्याला आतच साठत गेलं, त्याचा हा गोळा. आणि असं ज्या बाजूला होतं, त्या बाजूचं मूत्रपिंड बहुधा तयारच झालेलं नसतं. "शिकत असताना अशी एकच मुलगी पाहिली होती. ही दुसरी. नागपूरला एमआरआय करून खात्री करू. पडदा कापून वाट मोकळी करायची. पोट फाडावं लागणार नाही."

"हिचं लग्न होईन का जी?"

"होईल. मुलंही होतील. पण आधी दहावी होऊ दे."

मग त्या माझ्याजवळ आल्या. खाली वाकून, याडीलाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "बाहेर तुझे वडील बसलेत. त्यांना सांगू? मोठ्यानं सांगू की हळू? तू म्हणशील तसं."

मी म्हणाले, "मोठ्यानं."

बाई व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. बाकावर आमच्या बाजूच्या गावांचीही माणसं होती. "पोरीचे वडील कोण? तुम्ही? इकडं बघा. तुमच्या पोरीच्या पोटात पाप नाही. तिचंच रक्त आहे, बाहेर पडायला वाट नाही म्हणून अडकलेलं. जन्मापासूनचा दोष आहे, तिनं केलेला नाही. कुणाला पटत नसेल तर माझ्याकडं पाठवा, मी समजावीन."

बा उठला. त्याला काय करावं कळेना. त्यानं डोक्याचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. मग आत आला आणि टेबलाच्या पायथ्याशी उभा राहून माझा पायाचा अंगठा धरला. बस्स. तेवढंच. अंगठा धरून उभा राहिला. बाईंनी आम्हाला तिथंच सोडलं आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

एमआरआयमध्ये त्या म्हणाल्या तसंच निघालं. ऑपरेशन झालं. आतलं रक्त काकवीसारखं काळं आणि घट्ट होतं, असं मला नंतर याडीनं सांगितलं. शाळा पुन्हा सुरू झाली. दहावी झाली, बारावी झाली, मी यवतमाळला नर्सिंग केलं आणि परत येऊन बाईंसमोर उभी राहिले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "उपकार फेडायला आली असशील तर परत जा. काम शिकायला आली असशील तर हात धुऊन ये." मी हात धुऊन आले.

त्यांच्या हाताखाली मी जे शिकले ते कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. "किती दुखतं असं विचारू नकोस शीला," त्या म्हणायच्या, "बाया 'थोडंसं' म्हणतात. दुखण्यापायी काय करणं सोडलंस, ते विचार." मी विचारायला लागले आणि उत्तरं ऐकून थक्क व्हायला लागले. एकीनं उकिडवं बसणं सोडलं होतं. एकीनं हसणं सोडलं होतं, कारण हसलं की सिझरच्या जुन्या टाक्यात कळ जायची, आणि तीही महिन्यातले ठरावीक दिवस. बाईंनी तो टाका उघडला. गर्भाशयाच्या आतलं अस्तर सिझरच्या वेळी तिथं राहून रुजलं होतं आणि पाळीच्या दिवसांत फुगत होतं. सुपारीएवढी गाठ निघाली. ती बाई पुढच्या खेपेला आली ती दारातूनच हसत.

आधीच्या डॉक्टरांना बाई कधी नावं ठेवत नसत. कुणी "त्या डॉक्टरनं वाटोळं केलं" म्हणायला लागलं की तोडून टाकायच्या. "त्यांनी पाहिलं तेव्हा ते एवढंसंच होतं. माझ्याकडं येईस्तोवर मोठं झालं. यात माझी हुशारी काही नाही." आणि समजलं नाही तर सरळ सांगायच्या, "मला कळलेलं नाही. पुन्हा या, मी वाचून ठेवते." राळेगावकडचा एक म्हातारा गावभर सांगायचा, "लय भारी डॉक्टरीन हाये बापा. तिले काहीच समजत नाई म्हनते, आन् बरं करते."

झरी जामणीकडच्या कोलाम आदिवासी आजीची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. जंगलालगतच्या गावातून तिची सून तिला घेऊन आली होती. आजीला मराठी थोडंच यायचं. उलट्या होत होत्या, पोट फुगलं होतं. ओटीपोटात दगडासारखं काहीतरी हाताला लागत होतं. ते पुष्कळ वर्षांपासून आहे, असं सून म्हणाली. बाईंनी हात ठेवला, डोळे मिटले आणि या वेळी लगेच उघडले. "एक्स-रे काढून आण."

फिल्म उजेडाला धरली तेव्हा मला आधी काही समजलं नाही. मग समजलं. इवली पाठीची माळ, दुमडलेले पाय, वाटीसारखं डोकं. सगळं पांढरं.

गर्भ गर्भाशयात न राहता पोटात वाढला होता. तिथंच मेला आणि शरीरानं त्याच्याभोवती चुन्याचे थर चढवून त्याला बंद करून टाकलं. असं क्वचित होतं. बाईंनीही ते फक्त पुस्तकात वाचलं होतं. आता आतडं त्याला चिकटून पीळ पडला होता, ऑपरेशनवाचून गत्यंतर नव्हतं. पण त्याआधी सांगायला हवं होतं. कसं सांगायचं, हे बाईंनाही समजत नव्हतं.

शेवटी सुनेला मधे बसवून त्यांनी सांगितलं. आजी ऐकत राहिली, तिची हकीकत सून सांगत गेली. तरुणपणी एकदा दिवस राहिले होते, कळा आल्या आणि आपोआप थांबल्या, मूल काही आलं नाही. जंगलातल्या वाऱ्यानं नेलं असं घरच्यांनी म्हटलं, आणि तिनंही तेच धरून ठेवलं होतं. पुढं तिला तीन लेकरं झाली. बाईंचं बोलणं संपल्यावर तिनं पोटावर हात ठेवला आणि सुनेच्या मदतीवाचून, मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "माह्यापाशीच होतं का?"

बाईंनी मान डोलावली.

"मी समद्या जंगलात पाह्यलं," आजी म्हणाली.

ऑपरेशनला यवतमाळहून एक सर्जन आले होते. चांगले माणूस. त्यांनी सुचवलं की हे कॉलेजच्या संग्रहालयात द्यावं, मुलांना शिकायला मिळेल. बाई म्हणाल्या, "आईला विचारते." आजीनं त्याला मागून घेतलं. शुद्धीवर आल्यावर आधी त्याचं तोंड पाहायला मागितलं. तोंड असं काही नव्हतंच, पण तिनं मऊ फडक्यातून बोट फिरवलं आणि कोलामीत काहीतरी पुटपुटली. सुनेला विचारलं तर ती म्हणाली, "नाव ठेवून राह्यली."

आजी वाचली. टाके निघाल्यावर तिला गावी सोडायला बाई आपली गाडी घेऊन गेल्या, मीही होते. मोहाच्या झाडाखाली लहानसा खड्डा खणला. घरचे सगळे जमले होते. त्या बाळाच्या पाठची भावंडं आता स्वतःच केस पिकलेली. बाई मागं उभ्या राहिल्या. परतीच्या वाटेवर वणी गेलं तरी त्या आरशातून मागचाच रस्ता पाहत होत्या. मग म्हणाल्या, "आपण म्हणतो, तिच्या पोटात मेलेलं मूल होतं. ती म्हणते, माझ्यापाशी होतं. किती फरक आहे, नाही?" पुढं त्यांनी गाडी थांबवली आणि मला चालवायला सांगितली. त्यांना समोरचं दिसत नव्हतं.

त्यानंतरच्या दोनेक वर्षांत कधीतरी बाईंची साडी वर बांधली जायला लागली. जेवण कमी झालं होतं, दोन घासांत पोट भरायचं, हात-गळा वाळत चालला होता, आणि पोट मात्र पुढं. "म्हातारपण बसलंय पोटावर," त्या म्हणायच्या. एका दुपारी ओपीडी संपल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि स्वतः टेबलावर आडव्या झाल्या.

"शीला, हात ठेव."

"मी कशाले बाई? यवतमाळले जाऊ ना."

"जाऊच. पण आधी तू सांग. आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगायचं नाही."

मी हात ठेवला. इतक्या बायांच्या पोटावर त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, पण त्या दिवशी पोट त्यांचंच होतं. मी एका बाजूनं टिचकी मारली, दुसऱ्या बाजूला तळवा ठेवला. त्यांना कुशीवर वळवलं, पुन्हा पाहिलं.

"काय लागतंय?"

"पाणी नाई बाई. पाणी असतं तं कुशीवर वळल्यावर सरकलं असतं. हे सरकत नाई."

"मग?"

"भिजलेल्या साबुदान्यावानी हाये. सगळीकडं."

त्यांनी स्वतःचा तळवा माझ्या हाताशेजारी टेकवला. "बरोबर," म्हणाल्या. "मलाही तसंच लागतंय." जणू मी परीक्षेत पास झाले होते. मी त्यांच्या पोटावर डोकं टेकवून रडले, आणि त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. "अगं, दुर्मीळ आहे. लाखांत एखाद्याला होतं. साधासुधा आजार मला शोभला असता का?"

अपेंडिक्समध्ये बारीकशी गाठ होते, ती फुटून चिकट द्रव सांडत राहते आणि वर्षानुवर्षं हळूहळू सगळं पोट त्या चिकट रसानं भरतं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. सकाळी आत नेलं ते संध्याकाळपर्यंत. आतलं जेवढं निघेल तेवढं काढायचं आणि मग कढत औषधानं पोट धुऊन घ्यायचं, असा तो उपचार. मी बाहेर बसून होते. त्यांचा भाऊ साताऱ्याहून आला होता, तो मला सारखा विचारायचा, "ताईला असं कसं समजलं नाही?"

त्या परत आल्या. अर्ध्या झाल्या होत्या, पण आल्या. स्टुलावर बसून पेशंट पाहायच्या. एक उन्हाळा आणि एक पावसाळा चांगला गेला. दिवाळीत पुन्हा पोट कडक लागायला लागलं. या वेळी त्यांनी मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन सुचवलं. बाईंनी स्कॅन स्वतः पाहिला, पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा, आणि फोनवर त्यांना शांतपणे सांगितलं, "लहान आतडं सगळं गुरफटलंय. तुम्ही उघडाल आणि बंद कराल. मी तुमच्या जागी असते तर पेशंटला घरी जा म्हटलं असतं. मी घरीच आहे."

भाऊ न्यायला आला होता. त्या गेल्या नाहीत. वरच्या खोलीत खाट खिडकीजवळ सरकवली. खाली दवाखाना बंद होता तरी लोक यायचे. आमचा बासुद्धा यायचा. शेतातली ओली तूर आणायचा, बाईंना घासभरही खाता येत नाही हे माहीत असून. खाटेजवळ बसून शेंगा सोलायचा. एकदा बाई म्हणाल्या, "शीलाचे बाबा, उकडता का थोड्या? वास घेते." बानं माझ्या हातून पातेलं घेतलं, स्वतः मीठ टाकून शेंगा उकडल्या आणि वाफाळतं पातेलं त्यांच्या उशाशी धरून उभा राहिला. हात भाजला तरी त्यानं ते खाली ठेवलं नाही.

शेवटच्या आठवड्यात त्यांना उलट्यांनी हैराण केलं. नाकातली नळी, सलाईन, वेदनेचं इंजेक्शन, सगळं मीच करत होते. मधे शुद्ध आली की विचारायच्या, "लघवी किती?" मी खरं सांगायची. "कमी होतेय," त्या म्हणायच्या, "ठीक आहे." एकदा मला जवळ बोलावून म्हणाल्या, "शीला, मला वाटायचं दुखणं ओळखलं की निम्मं काम झालं. तसं नसतं गं. ओळखून काही होत नाही, अशीही दुखणी असतात. तेव्हा फक्त जवळ बसायचं. ते मला उशिरा समजलं. तू आतापासून बसत जा."

एका सकाळी मी त्यांचं अंग पुसून, पातळ बदलून, सलाईनची बाटली बदलायला वळले. पुन्हा पाहिलं तर श्वास थांबला होता. कोवळं ऊन अंगावर आलं होतं. मी खाली कुणाला हाक मारली नाही. थोडा वेळ बसून राहिले.

अंत्यविधीला किती लोक आले ते मी पाहिलं नाही, मला दिसतच नव्हतं. भावानं अग्नी दिला. दवाखान्याची चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "काय करायचं ते तुम्ही ठरवा." काय ठरवायचं? डॉक्टरच नाही तर दवाखाना कशाचा?

पण सकाळी सवयीनं मी गेलेच. झाडून काढावं, औषधं बांधून ठेवावीत. व्हरांड्याच्या बाकावर एक तरुण बाई बसली होती, एका हातानं पोट धरून आणि दुसऱ्या हातात रिपोर्टची पिशवी घेऊन. झरीच्या पलीकडच्या खेड्यातून गाड्या बदलत आली होती. एकटीच. नणंदेनं पत्ता दिला होता.

"बाई कवा येतीन?"

मी सांगितलं. तिला आधी समजलंच नाही, मग पिशवी तिच्या हातून खाली पडली.

"आता माहं पोट कोन पाहीन वो?"

मी पिशवी उचलून बाकावर ठेवली. पाणी दिलं. काय काय करणं सोडलंस ते विचारलं, ती सांगत गेली, मी ऐकत गेले. मग कुलूप लावलं, तिची पिशवी काखेत घेतली आणि तिला घेऊन यवतमाळच्या गाडीत बसले. त्या सर्जनना मी ओळखत होते, ते पाहतील याची खात्री होती. गाडी कळंबबाहेर पडल्यावर तिनं विचारलं, "कायनं गेल्या बाई?"

"पोटानं," मी म्हणाले.

ती माझ्याकडं बघतच राहिली. आणि मग रडायला लागली. बाईंना तिनं कधी पाहिलं नव्हतं, त्यांचा आवाज ऐकला नव्हता. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला कळ येत होती, ओठ आवळून ती स्वतःचं पोट दाबून धरत होती, आणि रडत होती बाईंसाठी. "अवो माय," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "लय दुखलं असंन वो त्याईले."